एका पत्रिकेवर तीन लिप्या

खुलं धोरण येऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी सिकंदराबादच्या एका लहानशा कंपनीत नोकरी करत होते. आम्ही छापखान्यांसाठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर बनवायचो आणि ते गिऱ्हाइकांना शिकवायचं काम माझं. त्या वर्षी कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आले. हा हुद्दा आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. माझे वडील म्हणाले, "मॅनेजर बँकेत असतो. तुमचा कशाचा?"

आमचे हे सर तेलुगू, मोठे उत्साही. मुंबईच्या एका कंपनीनं आमच्यासारखंच सॉफ्टवेअर बाजारात आणलं होतं. सरांनी त्याची जाहिरात भिंतीवर चिकटवली आणि मीटिंग घेतली.

"त्यांचे फॉन्ट चाळीस, आपले आठ. पुढचे सहा महिने फक्त फॉन्ट करायचे."

मी म्हटलं, "सर, आजवर एकाही छापखान्यानं माझ्याकडे फॉन्ट मागितले नाहीत."

"मग काय मागतात?"

मला नीट सांगता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना सुलतान बाजारात घेऊन गेले. तिथल्या एका बोळात आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. मालक कात्री घेऊन बसले होते. हातातल्या पत्रिकेत मुलगी मराठी, मुलगा तेलुगू, आणि ऑफिसातल्या लोकांसाठी इंग्रजी मजकूर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका पानावर एकच लिपी चाले, त्यामुळे तिन्ही मजकूर वेगवेगळे छापून, कापून, ते गोंदानं एका कागदावर चिकटवत होते. नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव तिरकं बसलं होतं.

सरांनी विचारलं, "आपको चालीस फॉन्ट होना?"

मालक हसले. "चालीस लेके क्या करूं साब? दुल्हा तो एकीच है! तीनों जुबान एक कागज पे ला देव, बस."

सरांनी चष्मा पुसला, स्टूल ओढलं आणि ते आजोबा सरळ करायला बसले. त्यांचे दोन्ही अंगठे गोंदानं माखले. परतताना ऑटोत म्हणाले, "मॅडम, फॉन्ट नंतर बघू." माझं म्हणणं कुणी असं ऐकून घ्यायची मला सवय नव्हती. मी खूश होऊन बाहेरची दुकानं बघत राहिले.

काम सोपं नव्हतं. तेलुगू ओळीच्या खाली देवनागरी ओळ आली की वेलांट्या वरच्या अक्षरांत घुसायच्या. आमचे प्रोग्रामर वैतागले, पण पाच महिन्यांनी तिन्ही लिप्या एका पानावर नांदायला लागल्या. मालकांनी पहिली पत्रिका छापली, ती उजेडात धरून कुठे जोड दिसतो का ते पाहिलं, आणि शेजारच्या कापडवाल्याला हाक मारून दाखवली.

पुढे मालकांच्या मेहुण्यानंही आपल्या छापखान्यासाठी आमचं सॉफ्टवेअर घेतलं. ते बसवायला सर मला न सांगता स्वतःच गेले. संध्याकाळी आले ते हसतच.

"त्यांना लिप्यांचं काही नाही. त्यांना कोपऱ्यात गणपती हवाय. तोही नाचणारा."

"मग?"

"मग काय, उद्या सकाळी मीटिंग!"