मोर्चाआधीचं दही-साखर

आज ऑफिसात कुणीतरी फलक रंगवत होतं. ओल्या रंगाचा वास आला आणि मी एकदम ग्लासगोला, इराक युद्धाविरुद्धच्या त्या मोर्चात जाऊन पोचले.

तेव्हा आम्ही तिथेच राहायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझं सगळंच आईला परीक्षेसारखं वाटे. ‘एकटी नाही जायचं, मी पण येते,’ म्हणत तीही आली. माझी मैत्रीण हुदा मूळची बगदादची. तिची आजी अजून तिथेच होती. मोर्चा चौकात थांबला, हुदाच्या हातात मेगाफोन आला आणि तिने तो तसाच खाली केला. ‘मला नाही जमणार,’ ती माझ्या कानात म्हणाली.

आईने पर्समधून छोटी डबी काढली. परीक्षेला निघताना ती माझ्या हातावर घालायची तेच दही-साखर.

‘आई, प्लीज, इथे नको!’

‘गप गं. एवढ्या लोकांसमोर बोलायचंय पोरीला.’ मग हुदाला म्हणाली, ‘हात पुढे कर, बाळा.’

शब्द कळले नसतील, तरी हुदाने हात पुढे केला आणि दही चाटून टाकलं.

युद्ध काही टळलं नाही. तरी तो दिवस आठवला की, का कोण जाणे, मला आधी हसूच येतं.

त्या दिवशी दही खाऊन हुदाने मेगाफोन उचलला. ‘माझी आजी बगदादला आहे,’ ती म्हणाली आणि आईकडे बघून हसली, ‘तीसुद्धा काही खायला घातल्याशिवाय कुणाला घराबाहेर सोडत नाही.’

अख्खा चौक हसला. मग ऐकायला शांत झाला.