सविताने दोघांनाच सांगितलं होतं

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो वारेपर्यंत नाही. प्रार्थनेतसुद्धा — हसू नका — मी ही एक गोष्ट बाजूला ठेवून बाकीचं सगळं बोलत आले. देवाला ती ठाऊकच नसावी, अशा थाटात. आज लिहितेय. का आजच, ते माझं मलाही नीट कळत नाही.

मी नायगावला नर्स होते. निवृत्त झाल्यापासून नांदेडला असते, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत बायकांची बुधवारची प्रार्थना चालवते. मला सगळे मावशी म्हणतात. कुणाचा नवीन बाप्तिस्मा झाला, की पाळक त्या बाईला माझ्याकडे पाठवतात — शास्त्र कसं वाचावं, प्रार्थना कशी करावी, रागाचं काय करावं, सासूशी कसं वागावं, हे शिकायला. सविताही तशीच आली.

ती हदगावकडची, शेतकऱ्याच्या घरातली. शिक्षिका. आमच्या मंडळीतल्या प्रकाशशी तिनं लग्न केलं, मग दोन वर्षांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. दर मंगळवारी दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. मी शेंगा निवडायची, ती वाचायची. वाचता वाचता थांबून असं काही विचारायची, की मला उत्तर यायचं नाही. मला ते आवडायचं — सुरुवातीला.

त्यांना एकच मुलगी होती, जुई. चार वर्षांची. ती तापानं गेली.

त्यानंतर महिनाभरानं सविता आली, आणि वही न उघडताच बसून राहिली. मग म्हणाली, "मावशी, जुई दवाखान्यात असताना मी माहूरला जाऊन आले. आईसंगं. देवीची ओटी भरली. प्रकाशला न्हाई सांगितलं तवा. मागून सांगितलं. आता तुम्हाला सांगून राहिले. मंडळीत तिसऱ्या कुणाला न्हाई." मग तिनं विचारलं, "त्याचाच राग आला असंन का हो देवाला? म्हणून नेली का?"

मी काय म्हणायला हवं होतं? कुठल्याही आईनं तेच केलं असतं, हे म्हणायला हवं होतं. देव असा सूड घेत नाही, हे म्हणायला हवं होतं. मी इतक्या बायकांना शिकवलेलं, सगळं पाठ होतं मला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गप्प बसले. तिला वाटलं मी मनात प्रार्थना करतेय. मी करत नव्हते. मी विचार करत होते — बरं झालं, मला हे कळलं.

का बरं झालं? तेही सांगते. त्याच सुमाराला पाळक म्हणाले होते, बुधवारची प्रार्थना आता सवितानं घ्यावी, तरुण आहे, बायका तिचं ऐकतात. हे खरं होतं. ती बोलायला उभी राहिली की बायका पिशव्यांची चाळवाचाळव थांबवायच्या. माझ्या वेळी नाही थांबवायच्या.

मी पाळकीणबाईंकडे गेले. म्हटलं, प्रार्थनेसाठी म्हणून सांगते, मनात ठेवा. आणि माहूरचं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तेव्हा — इथं माझा हात थांबतोय — मी म्हटलं, प्रकाशनं. बिचारा रडत होता, म्हटलं. माझं नाव मात्र घेऊ नका.

ठरवून गेले होते का मी हे बोलायला? नाही. पण तोंडातून आलं तेव्हा अडखळलेही नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला सविताला पाळकांनी भाग न घेता थांबायला सांगितलं. पश्चात्ताप होईपर्यंत. भाकर आणि प्याला तिच्या समोरून पुढे गेले, आणि तिच्या शेजारच्या बाईनं पदर आवरून घेतला. तेवढंच. उपासनेनंतर तिनं पाळकीणबाईंना गाठलं. त्यांनी शब्द पाळला, माझं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, तुझ्या घरातूनच आलं, बाई.

मंगळवारी ती माझ्याकडे आली. दारातच उभी राहून विचारलं, "मावशी, तुम्ही तर न्हाई ना बोललात?"

"मी? नाही गं," मी म्हटलं.

तिनं लगेच विश्वास ठेवला. शंकाही घेतली नाही. माझ्या गळ्यात पडून ती रडली, आणि घरी जाऊन नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

प्रकाशनं शपथा घेतल्या. माझ्या घरी येऊन, माझ्यासमोर, मेलेल्या मुलीची शपथ घेतली. आणि मी काय केलं असेल? शपथ वाहू नये असं प्रभूनं शिकवलंय, हे मी त्याला समजावलं. त्यानं मान खाली घातली. जाताना विचारलं, "सविता म्हणली होती, तिनं तुम्हालाबी सांगितलं, हाव का?" मी म्हटलं, "माझ्यावर येतोस का आता?" त्यानं माझे पाय धरले.

सविता लातूरला गेली. तिथं मुलींच्या एका वसतिगृहात राहून त्यांची देखभाल करते. बुधवारची प्रार्थना माझ्याकडेच राहिली.

याच्यापुढचं लिहिणं मला सगळ्यात जड जातंय. सहा-सात महिन्यांनी प्रकाश पुन्हा आला. वाळला होता. म्हणाला, "मावशी, मीच बोलून गेलो असंन. जुईच्या दुःखात कुणापाशी तरी. मला आठवत न्हाई, पण माझ्याबिगर कोण हाय?" मी काहीच बोलले नाही. एक वाक्य पुरलं असतं. चार शब्दही पुरले असते.

त्या रविवारी तो मंडळीपुढे उभा राहिला आणि त्यानं न केलेलं पाप कबूल केलं. बायकोचा विश्वासघात केला, म्हणाला. रडत होता. पाळकांनी मला पुढे बोलावलं — मावशी, तुम्ही प्रार्थना करा याच्यासाठी. मी गेले. त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला क्षमा मिळावी म्हणून देवाजवळ मागणं केलं, मोठ्यानं, खणखणीत आवाजात. प्रार्थना चांगली झाली, असं नंतर बऱ्याच जणी म्हणाल्या.

त्यानं लातूरला जाऊन सवितापाशी माफी मागितली. आता त्यानंच कबूल केल्यावर तो खरं बोलत असेल ही तिची उरलीसुरली शंकाही गेली. ती परत आली नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. सांगायलाच गेले होते — निदान एसटीत बसताना तसं ठरवलं होतं. तिनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला, आग्रहानं वाढला. चर्चला जात नाही म्हणाली. डोळे मिटले की भीती वाटते, म्हणून प्रार्थनाही सोडली. मग माझा हात धरून म्हणाली, "सगळ्यात तुम्ही एकट्याच निघालात मावशी, तोंड राखणाऱ्या." मी खात राहिले. वाटी पुसून खाल्ली. संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

मला झोप येते. भूक लागते. वाटलं होतं, असं काही केल्यावर माणसाचं काहीतरी बिघडत असेल. काही बिघडत नाही. फक्त प्रार्थना करताना पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही, आणि मी करत राहते, आणि बायका आमेन म्हणतात.

मागच्या महिन्यात दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. वकिलानं कागद तयार केला. साक्षीदार हवा होता. दोघांनीही, एकमेकांना न विचारता, माझंच नाव सांगितलं.

मी चष्मा लावला, आणि वकिलानं बोट ठेवलं तिथं सही केली.