मापाचा खिसा

आमचे हे बॅगा दुरुस्त करतात. चेन, हँडल, अस्तर, काहीही आणा. पण नवा खिसा हवा असेल तर आत ठेवायची वस्तू आधी दाखवायची, हा हट्ट. चष्मा असो की बासरी, ती कागदावर ठेवायची, भोवती पेन्सिल फिरवायची, कागद कापायचा आणि त्यावरून शिवायचं. कागद मग भिंतीवरच्या खिळ्याला, गिऱ्हाईक परत आलं तर हाताशी असावा म्हणून. मी एकदा त्यातले निम्मे फेकले, तर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एक उंच माणूस आला. बॅगेच्या तळाला चोरखिसा हवा, वीतभर पुरे, म्हणाला. दुसऱ्या कुणीही मुकाट्याने शिवून दिला असता. हे म्हणाले, "वस्तू आणा. अंदाजपंचे काम मी करत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने वस्तू आणून मशीनवर ठेवली. पिस्तूल होतं.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. "मग काय केलंत तुम्ही?"

"माप घेतलं."

"अहो, माप?"

"समोर उभा होता ना तो! हात आपले चालत राहिले गं."

"पोलिसांत तरी जायचं!"

"त्याला दुकान माहीत होतं. घरही."



महिन्याभराने त्या खिशातलं पिस्तूल चाललं आणि एका पेढीचा रखवालदार पायाने अधू झाला. तो उंच माणूस सापडला, आणि खिसा कुणी शिवला तेही त्याने सांगून टाकलं. पोलिसांनी ह्यांना बोलावलं. वकीलबाई म्हणाल्या, "आत काय ठेवणार हे ठाऊक नव्हतं, तर तुम्ही फक्त शिवणारे. ठाऊक असून शिवलंत, तर त्या गुन्ह्यात तुम्हीही." ह्यांना खोटं बोलता येत नाही. तरी आरशासमोर उभे राहून "ठाऊक नव्हतं, साहेब" असं घोकत होते बिचारे.

पण दुसऱ्या दिवशी पोलीस साहेबच दुकानात आले. त्यांनी खिळ्यावरचा गठ्ठा काढला, एकेक कागद उलटत गेले आणि एक कागद टेबलावर ठेवला. पिस्तुलाचाच आकार, आणि त्यावर ह्यांचं सुबक अक्षर: 'घट्ट होतो. अर्धा इंच वाढवणे.' साहेब ह्यांना सोबतच घेऊन गेले.

तो कागद मी आधी पाहिला होता. झाडताना पायाशी पडलेला. ड्रिल मशीन असेल, अशी मीच माझी समजूत घातली. केराबरोबर गेला असता तर आज हे घरी असते. पण ते तीन दिवस आठवले, आणि मी कागद झटकून पुन्हा खिळ्याला अडकवला.