खुब्याचा फोटो आणि मामंजींचं खाकरणं

आमचे सासरे, म्हणजे मामंजी, घरात पाऊल टाकायच्या आधी उंबऱ्यापाशी खाकरायचे. ते ऐकलं की आम्ही दोघी सुना, थोरली जाऊ आणि मी, असू तिथून उठून पदर डोक्यावर घेऊन उभ्या. निपाणीकडं तंबाखू करणाऱ्या घरांत हीच रीत. त्यांचं निम्मं खाकरणं रीतीचं आणि निम्मं तंबाखूच्या धुरळ्याचं, पण आम्हाला काय कळतंय कुठलं कुठलं! प्रत्येक खाकरण्याला उठायचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या दिवसांत मी माळ्याच्या शिडीवरून खुब्यावर पडले. हाडवैद्यानं चोळून चोळून जीव नकोसा केला आणि म्हणाला, "चालंल तशी चालू दे." म्हणजे जन्माची लंगडी! माझं वय ते काय! रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा मामंजींनी जावेला सोबत घेऊन मला बेळगावला डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर म्हणाले, हाड चिरलंय का ते फोटोत दिसेल. डॉक्टर 'हां' म्हणेपर्यंत श्वास धरून मुडद्यागत पडायचं. पायाला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावल्या. यंत्र घुमायला लागलं आणि बाहेर व्हरांड्यात मामंजी खाकरले. मी ताडकन उठले! खुब्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण पदर मात्र डोक्यावर. फोटोत काय आलं? धुकं.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी जावेला माझे खांदे दाबून धरायला लावलं. मामंजी पुन्हा खाकरले. जाऊबाई माझ्याही आधी उभी!

डॉक्टर चिडले. "लढाईमुळं फिल्म मिळत नाही. आता एकच उरलीय. ही वाया गेली तर घरी जा, तुमचा हाडवैद्यच बरा." मामंजींना फाटकाबाहेर पाठवलं, जावेला व्हरांड्यात बसवलं. पण तिथं खोकणाऱ्यांचा बाजार भरलेला. कुणीही खोकलं की मी कोपरावर. माझंच मेलं अंग मला ऐकेना, म्हणून मी ढसाढसा रडले.

शेवटी डॉक्टरांनी मामंजींनाच आत बोलावलं. निजलेल्या सुनेपुढं सासरा! ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्याशी थेट बोलले ते तेव्हाच. "पोरी, मी हितं हुबा हाय. आता कोन का खाकरंना, तू उठायचं न्हाय. माजी आण हाय."

आणि फेट्याचा शेमला तोंडात कोंबला. यंत्र घुमत होतं, त्यांचे खांदे गदगदत होते, मान लालभडक. मी हसू दाबून निपचित. डॉक्टर 'हां' म्हणाले आणि मामंजी असे खोकले की बाहेर व्हरांड्यात जाऊ उठून उभी राहिली.

फोटो स्वच्छ आला. चीर दिसली, पाय बांधला. मी आज सरळ चालते ती त्या गिळलेल्या खोकल्यावर.

पण घरी आल्यावर एक भानगड झाली. खाटेवरचा माझा पाय हलेल म्हणून मामंजींनी उंबऱ्यावर खाकरणंच सोडलं. खोकला आला की गोठ्यात जायचे. त्यात जाऊ फसली. एकदा ती माझ्या खाटेशी पाय पसरून, दाताला मिश्री लावत निवांत बसलेली, आणि मामंजी थेट पुढ्यात! ती धडपडत उठायला लागली.

"बस, पोरी, बस," मामंजी म्हणाले. "पाय मोडल्याबिगर बसायला मिळत न्हाय व्हय तुमास्नी?"

जाऊ खाली बसली, आणि मिश्रीभरल्या तोंडानंच रडायला लागली.