बांगडा ताजाच होता

"कल्ला उघडून बघ," म्हणत मावशी अंगठ्याने बांगड्याचा गाल उचलायची आणि आतला लालभडक रंग गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. हेच वाक्य ती निवडणुकीतल्या उमेदवाराबद्दल म्हणायची, भाचीला आलेल्या स्थळाबद्दल म्हणायची आणि मी नाक्यावर वाटायचे त्या पत्रकांबद्दलही. "लिवलंस झकास. पण कल्ला उघडून बघितलास का?"

लालबागच्या बाजारातून तुम्ही मासळी घेतली असेल, तर अशी एखादी मावशी तुमच्याही ओळखीची असणार. कोपऱ्यावर फळी, फळीवर निळं प्लॅस्टिक आणि लहानथोर सगळ्यांना एकेरी हाक. पहाटे धक्क्यावरच्या लिलावात माल उचलायचा आणि दुपारपर्यंत विकून मोकळं व्हायचं. आमच्या घरी तिचे बांगडे माझ्या जन्माआधीपासून येत होते.

मग जुन्या गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली आणि तळमजल्यावर मोठं दुकान आलं. दारावर बांगड्याचं भलंमोठं चित्र, खाली भाव. तो भाव धक्क्यावरच्या लिलावापेक्षाही कमी होता.

मला संशय नव्हता, खात्रीच होती. त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं: 'स्वस्ताईच्या नावाखाली सडकी मासळी!' प्रती काढल्या आणि पहिली मावशीला वाचून दाखवली.

"तू बघितलास तो मासा?"

"बघायला कशाला हवं? एवढं स्वस्त कोण देतं?"

"कोण देतं ते माला पण बघायचंय. चल."

हात धुऊन, अंबाड्यात अबोली माळून ती निघाली. दारावरच्या रखवालदाराने तिची पिशवी उघडायला लावली. "येताना काय बघतोस? जाताना बघ," ती म्हणाली. तोही हसला.

मासळी अगदी शेवटच्या टोकाला होती. तिथे पोचेपर्यंत बिस्किटं, शाम्पू, तवे. बर्फाजवळ गेल्या गेल्या मावशीचा अंगठा बांगड्याच्या कल्ल्यात.

"ओ मावशी, हात नका लावू!" पलीकडून टोपीवाली बाई ओरडली.

मावशीने कल्ला सोडला नाही. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"शिळा आहे ना?" मी विचारलं.

"ताजा हाय. माझ्याहून ताजा."

"मग एवढं तोंड कशाला पाडतेस?"

"येडी का खुळी तू? शिळा असता तर चार दिसांत लोकं माझ्याकडं परत आली असती. गळाला शिळं आमिष कोण लावतं गो?"

दाराकडे परत येताना तिने कोकमाचं पाकीट उचलून माझ्या हातात दिलं. "भाव वाच." वाचला. बाजारात त्याच्या निम्म्यात मिळतं. तेलाची बाटली दिली, खोबरं दिलं. तीच गत. पैसे द्यायच्या रांगेत पुढच्या माणसाच्या टोपलीत तळाला बांगडे, वर कोकम, तेल, साबण आणि एक तवा.

"बघ," मावशी हळूच म्हणाली. "ह्यो दुकानवाला बांगड्यात बुडतो नि तव्यात वर येतो. मी बांगड्यात बुडले तर कशात वर येऊ? माझ्याकडं बांगडाच हाय."

भांडवलावरच्या कितीतरी पुस्तिका मी पाठ केल्या होत्या. त्यांत हे इतकं सरळ कुठे नव्हतं.

बाहेर येऊन तिने माझ्या पिशवीतली पत्रकं काढली आणि फाडली. "ताज्याला शिळं म्हणशील, तर उद्या माझ्या ताज्याला ताजं कोण म्हणेल?"

मी नवं पत्रक काढलं, कोकमाच्या आणि तेलाच्या भावाचं. लोकांनी वाचलं, माना डोलावल्या. "आम्ही नुसता बांगडाच घेतो हो तिथून," प्रत्येक जण सांगायचा, आणि हातातली पिशवी फुगलेली असायची. एकदा माझी आईच तिथून येताना मावशीला सापडली. बांगडे मेथीच्या जुडीखाली दडवलेले. मावशीने वास ओळखला.

"झाकू नको वैनी. ताजा हाय तो."



श्रावणात मावशीचं गिऱ्हाईक दरवर्षीच आटायचं आणि गणपती गेले की परतायचं. या वर्षी गणपती गेले तरी गिऱ्हाईक आलं नाही. मग मावशीही येईनाशी झाली. तिच्या जागेवर आता मोबाईलची कव्हरं विकतात. तिची भाची सांगत होती, मावशी धक्क्याजवळच्या एका शेडमध्ये कोलंबी सोलते, पाकिटांसाठी. पाकिटं कुठल्या दुकानात जातात, हे मी विचारलं नाही.

परवा मी त्या दुकानात गेले. दारावरचं बांगड्याचं चित्र उतरलंय, तिथे आता अंड्यांचं आहे. बांगडा मावशीच्या भावाच्याही वर गेलाय, आणि आता साफ करून, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून मिळतो. मी पाकीट उचललं, सवयीने अंगठा पुढे नेला.

डोकं कापलेलं होतं. कल्ला नव्हताच.