आप्पांनी सोडवलेलं मूर्तींचं कोडं

लोकहो, आज सकाळी दोन तास त्या सामुराईच्या गेममध्ये नुसतं डोकं फोडून घेतलं.

तळ्याकाठी चार दगडी मूर्ती आहेत. कोडं एवढंच, की सगळ्यांची तोंडं त्यांच्या घराकडं फिरवायची. मी किल्ल्याकडं फिरवली, देवळाकडं फिरवली, काही होईना. लई वैताग आला राव.

मागं आप्पा, म्हणजे माझे वडील, चहा पीत बसले होते. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा ते शिनोलीत आले, ते इथलेच झाले. ते म्हणाले, "पाण्याकडं कर की."

केली. तळं आटलं आणि तळाशी अख्खं गाव दिसायला लागलं! मला तलवार मिळाली. मी ओरडलोच.

आप्पांनी कप खाली ठेवला. "आता घरात जा."

मी एकेक दार ढकलून बघितलं. "आप्पा, दारं नुसती दाखवायला केलीत. आत काय नाय."

"एक बी उघडत नाय?" एवढंच विचारून ते बाहेर निघून गेले. चहा तसाच राहिला.

मला ती तलवार नको झालीय. असा एखादा गेम माहितीये का कुणाला, ज्यात पाणी उतरल्यावर एक तरी घर उघडतं?