हिरव्या दिव्याशिवाय आवळलेले नट

परवा रविवारी सकाळी पुंडलिकनगरात, घरासमोरच्या रस्त्यावर, मी आमच्या जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडलो होतो... हातात पाना घेऊन.

पिकअप बायकोची. मंगलची रोपांची नर्सरी आहे, गाडीही तीच चालवते. स्टेअरिंग वर-खाली करायची सोय आहे त्यात... तर काही दिवसांपासून ते आपलं आपणच खाली यायला लागलं होतं. वळणावर तर अख्खं हातात हलायचं. आणि नेमकं त्याच दिवशी तिला अजिंठ्याचा घाट उतरून खालच्या एका शाळेत रोपं पोचवायची होती.

नेहमीचे मेकॅनिक सलीमभाई लग्नाला गावी गेलेले. मंगल म्हणाली, "वाळूजला कंपनीत रोज नटच आवळता ना? मग आवळा की हे."

खरंय. पण कंपनीत आवळतं ते मशीन. नट हवा तेवढा बसला की हिरवा दिवा लागतो, मी मार्करनं त्यावर रेघ मारतो, की पुढची गाडी. किती घट्ट म्हणजे घट्ट, हे माझ्या हाताला कधी ठरवावंच लागलं नाही... इथं दिवा कुठून आणू?

स्टेअरिंगला धरून ठेवणारे दोन नट सैल झाले होते. ते आवळले. मोठ्या रस्त्यावर चक्कर मारून आलो, स्टेअरिंग जागचं हललं नाही... तरी समाधान होईना.

परत खाली डोकं घातलं, परत पाना लावला. जास्त आवळावं तर आटे जायचे, तसंच सोडावं तर घाटात... त्यापुढचं मनातही आणवेना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते काही खोटं नाही.

"एवढे भिऊ कामून लागले?" मंगल हसली. मग घरात जाऊन नेलपॉलिश घेऊन आली. "घ्या, मारा तुमची रेघ. नट फिरला तर तुटंल ना ती? घाटाच्या आधी थांबून बघते मी."

दोन्ही नटांवरून खालच्या पत्र्यापर्यंत लालभडक रेघ ओढली. मंगल निघाली... मी केलेला चहा तसाच गार झाला.

दुपारी अजिंठा गावातून तिचा फोटो आला. एका नटावरची रेघ सरळ. दुसऱ्याची मात्र तुटलेली... नटावरचा तुकडा एकीकडे, पत्र्यावरचा दुसरीकडे.

फोन लावला. "उतरू नको," एवढंच तोंडातून निघालं.

"नाय उतरत. गाडी बंद करून बसलेय. या तुम्ही."

शाळेनं दुसरी गाडी वर पाठवून रोपं नेली. मी नवे नट घेऊन एसटीनं गेलो. जुना नट काढून बोल्टवर बोटानं फिरवून बघितला, तर सहज फिरला; सुटू नये म्हणून अशा नटात असते ती पकडच उरली नव्हती. कितीही जोर लावून आवळला असता तरी खड्ड्यांनी तो सुटलाच असता. तिथल्याच एका मेकॅनिककडून नवे नट बसवून, तपासून घेतले, तेव्हा कुठं निघालो.

परतीलाही गाडी तिनंच चालवली. मी म्हटलं, "माझी भीती मनावर घेतलीस, थांबलीस... लई उपकार झाले बघ."

ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुमच्या भीतीनं नाय थांबले. सिल्लोडपासून माझेच पाय कापू लागले होते."

इतकी वर्षं मला वाटायचं, आमच्या घरात भिणारा मी एकटाच... आता दोघं आहोत, तर जरा धीर आलाय.